उन्हाळ्याआधी दुकान-ऑफिसच्या कॉम्प्युटरची तयारी – ग्वाल्हेरकर, तुम्ही काय काय करता?

दालबाजार_मुनीम
नमस्कार मंडळी. एप्रिल अर्धा सरला आणि आत्ताच दुपारी रस्त्यावर उभं राहवत नाहीये, मे मध्ये पारा ४५ च्या आसपास जाणार आणि २५ मेच्या सुमारास नौतपा (सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की विचारूच नका. माणसांसाठी पन्हं आहे, खिशात कांदा आहे, डोक्याला गमछा आहे, पण दुकानातल्या कॉम्प्युटरचं काय करायचं हे कोणी नीट सांगत नाही म्हणून हा धागा काढतोय.

आमची पेढी दाल बाजारात, होलसेलचं काम. खाली काउंटर, वर ऑफिस. वर तीन कॉम्प्युटर, त्यातल्या एकावर टॅलीचा (हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा आणि बाकी दोन त्यालाच जोडलेले, एक लेझर प्रिंटर, राउटर, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर, आणि खाली बिलाचा रोलवाला प्रिंटर. बिल्डिंग जुनी, छत पटियांचं (दगडी फरश्यांचं), एक भिंत पूर्ण पश्चिमेला. मागच्या मे-जूनमध्ये तीन वाजले की टॅली रांगायला लागायची, डेटावाला कॉम्प्युटर मधेच फटकन बंद, परत चालू केला की थोड्या वेळात परत बंद, आणि लाइट गेली तर यूपीएस एक मिनिटसुद्धा धरायचा नाही. ३१ मे ला चौथ्या तिमाहीचं टीडीएसचं रिटर्न, त्याआधी ११ आणि २० तारखेला जीएसटीचं, म्हणजे ऐन कडक उन्हात काम सगळ्यात जास्त.

शेठजी म्हणतात कूलर आहे तेवढा पुरे, मला वाटतं एसी लागेल. खर्च करायची तयारी आहे पण कुठे करायचा ते कळत नाहीये. अनुभवी लोकांनी सांगा.

सिटीसेंटर_टॅक्सवाली
अगदी हेच विचारणार होते. आमच्याकडे एसी आहे तरी मागच्या वर्षी दोन यूपीएस गेले. धागा वाचतेय.

हार्डवेअरकाका_लष्कर
मुनीमजी, आधी खर्चाचं बाजूला ठेवा, आधी बघा की आजार कुठला आहे. तुम्ही तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत आणि लोक तिन्हीला "गरमीमुळे" म्हणून मोकळे होतात.

टॅली रांगते आणि मग मशीन बंद होतं, हे बहुतेक प्रोसेसरचं. प्रोसेसर स्वतःला वाचवतो, इंटेलचे बरेचसे डेस्कटॉपवाले १०० अंशांच्या जवळ गेले आणि एएमडीचे ९०-९५ ला गेले की आधी स्वतःचा वेग कमी करतात (तेच तुम्हाला रांगणं वाटतं) आणि तरी ताप उतरला नाही तर सरळ बंद होतात. एचडब्ल्यू मॉनिटर नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका, ते तापमान दाखवतं, आणि दुपारी तीन वाजता काम चालू असताना आकडा बघून लिहून ठेवा. सकाळी दहाचा आकडा पण लिहा. दोन्हीत खोलीच्या तापमानाइतकाच फरक असेल तर मशीन ठीक आहे, खोली गरम आहे. सकाळीच ७५-८० दाखवत असेल तर मशीनच्या आत घाण आहे, मग बाहेर एसी लावा नाहीतर बर्फ ठेवा, फरक थोडाच पडणार.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद दिसली तर त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट शट डाऊन न होता बंद पडलं. गरमीनं की लाइटच्या झटक्यानं हे ते सांगत नाही. म्हणून वेळ बघा. सगळ्या नोंदी दुपारी तीन ते सहामधल्या असतील तर ताप, कधीही पडत असतील तर वीज किंवा एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा).

आता आतली घाण. आपल्याकडे आंधी येते त्याची बारीक धूळ दारं-खिडक्या बंद असली तरी आत येते. प्रोसेसरवरचा पंखा चार स्क्रू काढून (किंवा चार पिना फिरवून) वर उचला, पंख्याला काही नसतं, पंख्याच्या खाली ज्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात त्यांच्या तोंडावर धुळीचा नमद्यासारखा थर बसलेला असतो, वरून कधीच दिसत नाही. पंखा पूर्ण जोरात फिरत असतो आणि हवा खाली जातच नाही. लोक वरवर ब्लोअर मारून घेतात आणि म्हणतात साफ केलं. तो थर पंखा उचलून ब्रशनं आधी सोडवावा लागतो मग ब्लोअर.

ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं, मोकळं सोडलं तर भन्नाट फिरतं आणि बेअरिंग जातं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीला स्टॅटिक तयार होतं. पंक्चरवाल्याकडची हवा तर नकोच, त्या टाकीत पाणी असतं. एसएमपीएसला बाहेरूनच ब्लोअर मारा, उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो. प्रोसेसर आणि त्या पट्ट्यांच्या मधली पेस्ट वाळून पांढरी खडूसारखी झाली असेल, किंवा पंख्याबरोबर पट्ट्यापण उचलल्या गेल्या असतील, तर पुसून नवीन लावा, मटारच्या दाण्याएवढी पुरे.

थाटीपूर_कोचिंग
काका आमच्या लॅबमध्ये सगळ्या कॅबिनेटची एक बाजू उन्हाळाभर उघडी ठेवतो, मुलं म्हणतात त्यानं थंड राहतं, बरोबर आहे का

हार्डवेअरकाका_लष्कर
पहिला आठवडा बरं वाटतं. कॅबिनेट बंद असलं की हवा समोरून आत, मागून बाहेर अशी एका वाटेनं जाते आणि वाटेत हार्ड डिस्क, प्रोसेसर सगळ्यांना लागते. बाजू उघडली की पंखा शेजारचीच हवा ओढतो, समोरच्या डिस्कवरून हवा जाणं थांबतं, आणि ग्वाल्हेरची धूळ सरळ मदरबोर्डवर. पाल शिरते ते वेगळंच, एसएमपीएसमध्ये पाल चिकटून शॉर्ट झालेली मशीन दर उन्हाळ्यात येतात माझ्याकडे. बाजू लावा, मागचा पंखा चालतोय का बघा (पुष्कळ स्वस्त कॅबिनेटमध्ये मागचा पंखा लावलेलाच नसतो, नुसती जाळी असते, अडीचशे-तीनशेचा पंखा लावून घ्या) आणि कॅबिनेटची पाठ भिंतीपासून निदान वीतभर लांब ठेवा. टेबलाखालच्या त्या लाकडी कप्प्यात ठेवलं असेल तर बाहेर काढा, तिथे मागून निघालेली गरम हवा फिरून परत समोरून आत जाते.

फोटो_जयेंद्रगंज
एक फुकटचा उपाय माझ्याकडून. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, चेंज प्लॅन सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड, तिथे प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंटमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० असतं ते ९९ करा. टर्बो (प्रोसेसरचं नेहमीपेक्षा जास्त वेगानं पळणं) बंद होतो. माझ्या एडिटिंगच्या मशीनवर त्यानं दहाच्या वर अंश कमी झाले. टॅली, बिलिंग, वर्ड यांना टर्बोची गरजच नसते, वेगात फरक कळणार नाही. काही लॅपटॉपवर हे ऑप्शन दिसत नाही, पण जुन्या डेस्कटॉपवर असतं. मे-जूनपुरतं करायचं आणि पाऊस लागला की परत १००.

सिटीसेंटर_टॅक्सवाली
हे आत्ता करून बघितलं, लॅपटॉपचा पंखा लगेच शांत झाला. धन्यवाद दादा.

पण यूपीएसचं कोणीतरी सांगा. आमच्याकडे एसी चालू असतो तरी का गेले?

मुरार_मेडिकल
ताई तुमचा एसी रात्री आणि रविवारी बंद असतो ना? यूपीएस चोवीस तास चार्जिंगवर असतो. ऑफिस बंद झालं, एसी बंद, खिडक्या बंद, आणि दिवसभर तापलेल्या भिंती रात्रभर उष्णता आत सोडतात. आमच्या दुकानात रात्री नवाला शटर पाडतो तेव्हाच्यापेक्षा अकराला आत जास्त गरम असतं, फ्रिजच्या औषधांसाठी थर्मामीटर लावलाय म्हणून मला माहीत आहे.

बॅटरीचा हिशोब असा आहे. छोट्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची बंद लेड ॲसिड बॅटरी असते, तिचं आयुष्य कंपनी २५ अंश धरून सांगते, आणि दर दहा अंश वाढले की आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. खोली ३५ ला असेल तर यूपीएसच्या डब्यात ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी बसलेली बॅटरी त्याहून गरम. मग तीन वर्षांची बॅटरी दीड वर्षात जाणारच, त्यात कोणाची फसवणूक नाही.

आणि एक, आमच्या दुकानात यूपीएस कुठे होता सांगतो कारण हे बऱ्याच दुकानांत असंच असेल. औषधांचा फ्रिज भिंतीला, आणि फ्रिजच्या मागच्या बाजूला जिथून कंप्रेसरची गरम हवा निघते तिथेच खाली कोपऱ्यात यूपीएस, कारण प्लग तिथे होता. हात लावला तर डबा चटका देत होता. एक्स्टेंशन ओढून तो काउंटरच्या दुसऱ्या टोकाला आणला, जमिनीपासून थोडा वर लाकडी पाटावर. बॅटरी टिकायला लागली.

हार्डवेअरकाका_लष्कर
मुरारवाल्या दादांचं शंभर टक्के बरोबर. भर घालतो.

एप्रिल संपायच्या आत प्रत्येक यूपीएसची चाचणी घ्या. टॅली बंद करा, फाइली सेव्ह करा, मशीन आणि मॉनिटर चालू ठेवून भिंतीवरचं बटण बंद करा आणि घड्याळ बघा. चांगल्या बॅटरीवर ६०० व्हीएचा यूपीएस एक साधा कॉम्प्युटर दहा-पंधरा मिनिटं ओढतो. पाचच्या खाली आला तर बॅटरी बदला, मे मध्ये ती आणखी खाली जाणार आणि तेव्हा बाजारात मागणीपण असते. डबा उघडलात आणि बॅटरीची बाजू फुगलेली दिसली तर "अजून चालतेय" म्हणून परत लावू नका, त्याच दिवशी काढा, फुगलेली बॅटरी चार्जिंगवर ठेवली की अजून तापते, तापली की अजून करंट खाते, हे वाढतच जातं.

लेझर प्रिंटर यूपीएसवर लावलाय का मुनीमजी? ६०० व्हीए म्हणजे ३६० वॅटच्या आसपास, आणि लेझर प्रिंटरचा आतला हीटर एकदम आठशे-हजार वॅट ओढतो. लाइट नसताना कोणी प्रिंट दिली की यूपीएस ओव्हरलोड होऊन सगळंच बंद. प्रिंटर थेट भिंतीच्या प्लगवर.

इन्व्हर्टरची मोठी ट्युब्युलर बॅटरी असेल तर पाण्याकडे बघा, उन्हाळ्यात पाणी भराभर उतरतं. डिस्टिल्ड वॉटरच घाला, आरओचं नाही, नळाचं तर नाहीच, आणि खुणेच्या वर भरू नका. आणि ती बॅटरी बंद कपाटात ठेवू नका, चार्ज होताना हायड्रोजन निघतो.

दालबाजार_मुनीम
काका लेझर यूपीएसवरच आहे. आजच काढतो. बाकी चाचणी रविवारी दुकान बंद असताना घेईन.

एसी-कूलरचं बोला ना कोणी.

नयाबाजार_साडी
आमचा अनुभव कूलरच्या बाजूनं आहे. ग्वाल्हेरची मे महिन्याची हवा इतकी कोरडी असते की कूलर दहा-बारा अंश आरामात खाली आणतो. लोक म्हणतात कूलरच्या ओलाव्यानं कॉम्प्युटर खराब होतो, पण कॉम्प्युटरच्या कागदावर वाचा, बहुतेकांना २० ते ८० टक्के आर्द्रता चालते, फक्त दव धरता कामा नये. लू चालते तेव्हा बाहेर १५-२० टक्के असते, कूलर लावला की ५०-६० होते, म्हणजे उलट स्टॅटिकचा त्रास कमी होतो.

नुकसान होतं ते दुसऱ्या कारणानं. कूलरचं तोंड सरळ मशीनकडे असेल तर हवेबरोबर पाण्याचे बारीक थेंब उडतात, आणि आपलं पाणी जड, थेंब सुकला की पांढरी खार राहते. आमच्या जुन्या कॉम्प्युटरच्या मागच्या यूएसबीच्या खोबणीत हिरवा-पांढरा गंज बसला होता तो त्यामुळेच. दुसरं, कूलर लावून खिडकी बंद ठेवली तर खोली नुसती दमट होते, हवा निघायला समोरची खिडकी उघडी पाहिजेच. तिसरं म्हणजे गवताच्या जाळ्या दरवर्षी बदला, जुन्या जाळीतून धूळ आणि भुसा आत येतो.

म्हणून कूलर माणसांकडे, मशीन बाजूला. आमच्या सासऱ्यांच्या काळात दुकानाला वाळ्याची ताटी असायची, दुपारी त्यावर पाणी मारायचे, आम्ही ती पश्चिमेच्या खिडकीला परत लावली. ऊनच आत येत नाही.

थाटीपूर_कोचिंग
वहिनी वाळा अजून मिळतो का आणि कुठे

नयाबाजार_साडी
हो, उन्हाळा लागला की महाराज बाड्याच्या चौकाच्या आसपास कूलरची जाळी विकणाऱ्यांकडे मिळतो. वाळ्याचा आहे का ते वास घेऊन घ्या, पाणी मारल्यावर सुगंध आला पाहिजे.

हार्डवेअरकाका_लष्कर
वहिनींनी कूलरचं अगदी नेमकं सांगितलं. माझं मत असं की चार-पाच मशीनपर्यंत आणि खोलीला दोन खिडक्या असतील तर कूलर चालतो, मे ते जूनच्या मध्यापर्यंत. पाऊस लागला की कूलरचा उपयोग संपतो आणि ओलावा तेवढा राहतो.

एसीचा हिशोब मुनीमजींसाठी करून देतो. चालू असलेला साधा कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून शंभर ते दीडशे वॅट, जेवढी वीज खातो तेवढीच उष्णता खोलीत सोडतो. तीन मशीन म्हणजे चारशे धरा. माणूस बसल्याजागी शंभर वॅटच्या आसपास, चार माणसं चारशे. डीव्हीआर, राउटर, लाइट, पंखे मिळून आणखी दोनशे. झाले हजार वॅट. एक टनाचा एसी साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे मशीन आणि माणसांना एक टन भरपूर आहे, पण तुमची खरी उष्णता छतातून आणि पश्चिमेच्या भिंतीतून येतेय, ती या हजारापेक्षा किती तरी जास्त. आणि एसीची टनची रेटिंग बाहेर ३५ अंश धरून काढलेली असते. बाहेर ४५ असताना तोच एसी कमी काम करतो आणि वीज जास्त खातो, वरून त्याचं बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात टांगलेलं असेल तर आणखी वाईट.

म्हणून आधी छतावर चुना मारा. पांढरा, दोन हात, डिंक किंवा फेव्हिकॉल घालून म्हणजे निघत नाही. पटियांच्या छताला फार फरक पडतो कारण दगड दिवसभर उष्णता पितो आणि मध्यरात्रीपर्यंत सोडत राहतो, चुना असला की पितोच कमी. मग पश्चिमेला पडदा. त्यानंतर एसी घेतलात तर दीड टन घ्या आणि २६-२७ वर ठेवा. मोठमोठ्या डेटा सेंटरसाठीसुद्धा अमेरिकेतली ॲशरे ही संस्था १८ ते २७ अंश सांगते, तुमच्या टॅलीला १८ ची गरज नाही. आपल्याकडे २०२० पासून एसी चालू केला की २४ वरच सुरू होतो, तिथून वर न्या, खाली नाही.

सिटीसेंटर_टॅक्सवाली
आणि एसी असला तरी तो सगळ्यात गरम दिवशीच बंद पडतो हे धरून चालायचं. १९ जुलै २०२२ ला लंडनमध्ये पारा ४० वर गेला तेव्हा गूगल आणि ओरॅकलच्या तिथल्या डेटा सेंटरची कूलिंग कोलमडली होती, सेवा बंद कराव्या लागल्या. त्यांचं तसं झालं तर आपला एक स्प्लिट एसी काय. आमच्या ऑफिसात आता कागदावर लिहून भिंतीला लावलंय की एसी बंद पडला तर कुठलं मशीन आधी बंद करायचं, कुठलं शेवटी, आणि डेटावाल्या मशीनसाठी एक टेबल फॅन वेगळा ठेवलाय तो कुठे आहे. आर्टिकलशिप (सीएचं प्रशिक्षण) करणारी मुलं नवीन असतात, तेव्हा आपण तिथे असूच असं नाही.

फोटो_जयेंद्रगंज
डीव्हीआरबद्दल कोणीच बोललं नाही. डीव्हीआर लोक कुठे ठेवतात, तर चोरानं नेऊ नये म्हणून छताजवळ लाकडी पेटीत, कुलूप लावून. गरम हवा वर जाते, छत तापलेलं, पेटीला भोक नाही, आणि आत हार्ड डिस्क चोवीस तास लिहितेय, एक मिनिट विश्रांती नाही. चोरी झाल्यावर फुटेज बघायला जावं तर डिस्क महिनाभरापूर्वीच मेलेली असते, डीव्हीआर पीप-पीप करत असतो पण पेटीत असल्यानं कोणाला ऐकू येत नाही. पेटीला खाली आणि वर दोन्हीकडे जाळीची भोकं पाडा, आत छोटा पंखा लावा, आणि दर आठवड्याला मागच्या दिवसाचं रेकॉर्डिंग उघडून बघा. डिस्क बदलाल तेव्हा कॅमेऱ्यासाठी बनवलेलीच घ्या, साधी नको.

राउटरचं पण तेच, त्याच्यावर फाइली ठेवू नका, उभा टांगा.

जुनाडेटा_इंजिनियर
हार्ड डिस्कबद्दल थोडं वेगळं मत मांडतो. ताप आणि डिस्क मरणं याचा संबंध लोक समजतात तेवढा सरळ नाहीये. गूगलनं २००७ मध्ये स्वतःच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता, त्यात मधल्या तापमानाला फारसा संबंध दिसला नव्हता, फक्त फार जास्त तापमानाला आणि तीन वर्षांच्या वरच्या डिस्कमध्ये गरमीचा परिणाम दिसला. म्हणून ४० दाखवतंय म्हणून घाबरून एसी घेऊ नका.

हार्डवेअरकाका_लष्कर
बरोबर आहे, पण त्या डिस्क थंड डेटा सेंटरमधल्या होत्या, तिथे ५० च्या वरच्या डिस्क क्वचितच असणार. आपल्याकडे दुपारी दुकानातली डिस्क ५५ दाखवते आणि ती असते पाच-सहा वर्षं जुनी. म्हणजे तुम्ही सांगितलं त्यातली नेमकी धोक्याची जोडी, गरम आणि जुनी. कंपनी बहुतेक डिस्कना ६० ही शेवटची मर्यादा देते.

जुनाडेटा_इंजिनियर
हे मान्य. मग असं म्हणू की क्रिस्टल डिस्क इन्फो टाकून बघा (फुकट आहे), ४५ च्या आत असेल तर निवांत, ५० च्या वर जात असेल तर हवा द्या, आणि डिस्क जुनी असेल तर टॅलीचा डेटा एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या डिस्कवर) हलवा. त्याच स्क्रीनवर रीॲलोकेटेड सेक्टर आणि पेंडिंग सेक्टर (डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागांची संख्या) दिसतात, ते शून्याच्या वर सरकत असतील तर तापमान कितीही असो, डिस्क बदला.

आणि बॅकअप. माझ्या मते या धाग्यात ही पहिली पोस्ट असायला हवी होती. बाकी सगळं मशीन वाचवायचं चाललंय, मशीन पैसे दिले की दुसरं मिळतं, मार्चअखेरपर्यंतच्या वह्या मिळत नाहीत. रोज संध्याकाळी टॅलीमधूनच बॅकअप घ्या (चालू टॅलीचा फोल्डर कॉपी करू नका, अर्धवट फाइल जाते), एक पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर, एक क्लाउडवर. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करून उघडून बघा. बाहेरची डिस्क घरी नेताना गाडीत ठेवून भाजी घ्यायला जाऊ नका, उन्हात उभ्या गाडीत डॅशबोर्डवर ७० च्या आसपास जातं.

मुरार_मेडिकल
गाडीवरून आठवलं, बिलाचे रोल. थर्मल कागद उष्णतेनंच छापतो, म्हणून रोल गरम जागी ठेवले की न छापताच राखाडी होतात, आणि छापलेली बिलं उडून कोरी होतात. जीएसटीचं रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावं लागतं. खरेदीची जी बिलं थर्मलवर येतात त्यांचा आल्या दिवशी मोबाइलवर फोटो काढा किंवा झेरॉक्स करा. प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवली तर आणखी लवकर उडतात.

मांडवी_बडोदा
ग्वाल्हेरकरांनो, बडोद्याहून वाचतोय. आमच्याकडे तुमच्याइतका पारा जात नाही पण मेच्या शेवटापासूनच हवा दमट होते, त्यामुळे कूलरचं गणित इथे लागू नाही. धूळ आणि दमटपणा एकत्र आला की मशीनच्या आतली धूळ ओली होऊन चिकटते, मग ब्लोअरनं निघत नाही. म्हणून आम्ही साफसफाई एप्रिलमध्येच करून घेतो. एक प्रश्न, अर्थिंगबद्दल तिकडे काय करता? इथे मे मध्ये कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात.

हार्डवेअरकाका_लष्कर
फार चांगला प्रश्न विचारलात, हे आपल्याकडे पण होतं आणि कोणी उन्हाळ्याशी जोडत नाही. अर्थिंगचा खड्डा ओल्या मातीवर चालतो. माती कोरडी पडली की करंटला जमिनीत जायला वाट राहत नाही. इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटरनं प्लगमधल्या न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज बघायला सांगा, दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. जास्त असेल तर खड्डा शोधा (जुन्या दुकानांत मागच्या बोळात असतो आणि त्यावर पोती रचलेली असतात), त्यात मीठ-कोळसा आहे का बघा आणि उन्हाळाभर दोन-तीन दिवसांआड बादलीभर पाणी ओता. झिणझिण्या येत असताना मशीनला सवयीनं हात लावत बसू नका, आधी हे करून घ्या. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या ॲडॉप्टरमध्ये घातला असेल तर अर्थिंग नाहीच असं समजा.

संध्याकाळी सगळीकडे कूलर-एसी चालू झाले की व्होल्टेज पण पडतो. चांगला यूपीएस १४०-१५० पर्यंत स्वतः सांभाळतो, त्याखाली गेला की बॅटरीवर येतो, आणि असं संध्याकाळभर येत-जात राहिला की बॅटरीची वाट लागते. तुमच्या लाइनला रोजचं असेल तर यूपीएसच्या आधी स्टॅबिलायझर लावा.

दालबाजार_मुनीम
मंडळी, कामं सुरू केली, सांगतो.

रविवारी डेटावाला कॉम्प्युटर काकांनी सांगितलं तसा पंखा उचलून बघितला. थर अगदी तसाच, करड्या रंगाचा, बोटानं अख्खा एका तुकड्यात निघाला. पेस्ट पण वाळलेली. साफ करून नवीन लावली, ९९ वालं सेटिंग केलं. आधी दुपारी ९६-९७ दाखवत होता, काल दुपारी तीनला टॅली आणि दोन्ही मशीन जोडलेली असताना ६८. खोली तीच, कूलर तोच. शेठजींना मोबाइलवर दोन्ही आकडे दाखवले.

यूपीएसची चाचणी घेतली, तीनपैकी दोन लगेच गेले, एकाची बॅटरी कडेनं फुगलेली. दोन्ही बदलतोय. डेटाच्या डिस्कचं वय बघितलं तर चालू तासच पस्तीस हजाराच्या वर, पेंडिंग सेक्टर शून्य आहेत पण एसएसडी मागवली. डीव्हीआरच्या पेटीला सुतार उद्या भोकं पाडणार. चुन्याचं शेठजी लगेच हो म्हणाले. एसीचं आता चुना आणि पडदा झाल्यावर मेच्या पहिल्या आठवड्यात खोलीचं तापमान बघून ठरवू, असं ठरलं.

एक राहिलं, जुन्या बॅटऱ्यांचं काय करू? कबाडीवाला मागतोय.

हार्डवेअरकाका_लष्कर
कबाडीला देऊ नका, ते फोडून ॲसिड नाल्यात ओततात आणि शिसं घराच्या अंगणात वितळवतात, मुलं तिथेच खेळत असतात. नवीन बॅटरी जिथून घेताय त्यालाच परत द्या, नियमानं जुनी परत घ्यायची सोय कंपनीनं ठेवावी लागते आणि वजनावर पैसे वळते होतात. फुगलेली आधी वेगळी काढा, प्लॅस्टिकच्या तसराळ्यात ठेवा, दोन्ही टोकांना टेप लावा आणि तिच्यावर काही ठेवू नका. नवीन लावाल तेव्हा बॅटरीवर मार्करनं महिना-वर्ष लिहा, म्हणजे पुढच्या एप्रिलला कोणी बघितलं तरी कळेल. चुना मारला की कळवा, पटियांच्या सांध्यांत भेगा असतील तर त्या आधी भरून घ्या, नाहीतर जूनच्या पहिल्या पावसात पाणी नेमकं कॉम्प्युटरवर गळेल.